नागपूर सेफ आहे का?

कोल्हापूरहून नणंदेचा फोन आला तेव्हा कूलरला नव्या ताट्या बसवणारा माणूस घरात होता आणि ओल्या वाळ्याचा वास सगळीकडे भरला होता. तिच्या थोरलीला मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी लागली होती. पगार चांगला, काम तिच्या शिक्षणातलं. पण नणंदेच्या आवाजात आनंद काही उमटत नव्हता. "वहिनी, ह्यांचं म्हणणं, पुणं चालेल, बेंगळुरू चालेल, नागपूर नको. रोज काहीतरी खुनाचं येतंय टीव्हीवर. मागं त्या महाल भागात दंगल होऊन कर्फ्यू लागला, तेव्हापासनं तर ह्यांनी धसकाच घेतलाय. तुम्ही लग्न झाल्यापासनं तिथं राहताय. मला खरं सांगा, नागपूर सेफ आहे का?" मी म्हटलं, उद्या सांगते. फोन ठेवला, ताटीवाल्याचे पैसे दिले, रात्री कूलरच्या घरघरीत पडून राहिले आणि झोप येईना. ज्या गावात माझी मुलं जन्मली, जिथे मी नोकरी करून निवृत्त झाले, त्याबद्दलच्या एवढ्या साध्या प्रश्नाला चटकन हो किंवा नाही का म्हणता आलं नाही, हे सलत राहिलं.

आम्हा नागपूरकरांचं यावर एक ठरलेलं उत्तर असतं. काही नाही हो, टीव्हीवाले वाढवून सांगतात. इथली माणसं दिलदार, रस्ते रुंद, झाडं भरपूर, रात्री अकराला धरमपेठेत बाया आइस्क्रीम खात फिरतात. मीही पाहुण्यांना हे सांगत आले आणि त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. देशपांडे सभागृहातलं गाणं रात्री उशिरा संपतं, सिव्हिल लाइन्सच्या त्या जुन्या झाडांखालून आम्ही तिघी-चौघी मैत्रिणी गप्पा मारत स्कूटीवर घरी येतो आणि वाटेत भीती हा शब्दही मनात येत नाही. उन्हाळ्यात तर आमचं शहर रात्रीच जागं होतं. दिवसभर लू चालते, रस्ते ओस पडतात. सूर्य बुडाला की फुटाळ्यावर, शंकरनगरला, रामनगरच्या चौकात माणसंच माणसं. लहान पोरं अंगठे चोखत आजोबांच्या खांद्यावर, आणि उसाच्या रसाच्या गाड्यावर घुंगरं वाजताहेत. अशा गावाला कोणी गुन्हेगारीची राजधानी म्हटलं की आतून काहीतरी दुखावतं. आपल्या माहेराबद्दल कोणी वाकडं बोलावं तसं वाटतं, आणि माझं माहेर तर इथलं नाहीही.

हे नाव आधीही कोणी घेत असेलच, पण ते शहराला घट्ट चिकटलं २०१४ नंतर. मुख्यमंत्री नागपूरचे, गृहखातंही त्यांच्याकडेच, त्यामुळे इथला प्रत्येक खून 'मुख्यमंत्र्यांच्या शहरातला' खून झाला. दर डिसेंबरात हिवाळी अधिवेशनाला मुंबईचे पत्रकार येतात, विधानभवनाच्या पायऱ्यांवर फलक झळकतात आणि त्या दोन आठवड्यांत गणेशपेठेत कुठे चाकू निघाला तरी तो राज्याचा विषय होतो. २०१९ च्या शेवटी सरकार बदललं, गृहमंत्री झाले काटोलचे, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातले. मग कालपर्यंत उत्तरं देणारे प्रश्न विचारू लागले. थोडक्यात, दोन्ही बाजूंनी हे नाव आलटून पालटून वापरलं. नाशिकला किंवा सोलापूरला असाच खून झाला तर तो त्या गावापुरता राहतो, आमचा मात्र 'उपराजधानी हादरली' होतो. यात शहरावर अन्याय झाला आहे, असं मला मनापासून वाटतं.

पण आयुष्यभर बँकेत ताळे जुळवलेत, त्यामुळे कुठलाही दर कानावर आला की आधी भागाकार तपासावासा वाटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन एनसीआरबीचे, म्हणजे देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या केंद्राच्या विभागाचे तक्ते उघडून बसले. २० लाखांवर वस्ती असलेली १९ महानगरं त्या यादीत असतात. नागपूर त्यात बसतं, कारण २०११ च्या जनगणनेत आमची महानगराची वस्ती २५ लाखांच्या आसपास होती. त्याहून लहान शहरांत काय चाललंय, ते या यादीत दिसतच नाही. २०२१ साली दिल्लीत ४५४ खून नोंदले गेले, मुंबईत १६२. नागपुरात त्या सुमाराला वर्षाला नव्वदीच्या आसपास खून होत होते. लाखामागे दर काढला की दिल्ली पावणेतीनच्या थोडी वर, मुंबई एकच्याही खाली आणि नागपूर साडेतीनच्या पुढे. झालं, बातमी तयार. पण मुंबईचा भागाकार बारकाईनं पाहा. तिथे भाजक घेतलाय १८४ लाख, म्हणजे ठाणे, कल्याण, नवी मुंबई धरून सगळं महानगर, आणि वरचे १६२ खून आहेत फक्त मुंबई पोलिसांच्या हद्दीतले. बृहन्मुंबईची वस्ती २०११ ला १२४ लाख होती. तिने भागलं तर दर एकच्या खालून १.३ वर येतो. शिवाय २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीच्या माणसांनी आजचे खून भागले जातात. जी शहरं वेगानं वाढली, त्यांचा दर त्यामुळे उगाच फुगतो, आणि आमचं शहर बेसा-पिपळ्यापर्यंत कसं पसरलंय ते आम्ही बघतोच आहोत.

एवढं सगळं वजा केलं तरी नागपूर वरच राहतं. देशाचा दर त्या वर्षी लाखामागे दोनच्या जरा वर होता. आमचा त्याहून बराच जास्त. तेव्हा बदनामी हवेतून आलेली नाही, हे मला मान्य करायलाच हवं, आणि त्या सकाळी वहीत ते लिहून ठेवताना हात जड झाला.

माझा भाचा शिकागोजवळच्या एका उपनगरात राहतो. त्याच्याशी या विषयावर बोलणं झालं तेव्हा एक गंमतीचा नव्हे, चांगलाच हलवून टाकणारा योग दिसला. शिकागोची वस्ती २७ लाख, म्हणजे जवळपास नागपूरएवढीच. २०२१ मध्ये तिथे ८०० च्या आसपास खून झाले. आमच्या आठपट. बंदूक घरोघरी असणं आणि भांडणात हाताला फार तर चाकू लागणं, यातला फरक त्या आकड्यात उघडा पडतो. तरीही भाचा म्हणतो, मावशी, मी रोज लोकलनं डाउनटाउनला जातो, लेकीला म्युझियमला नेतो, आजवर काही पाहिलं नाही. गोळीबार होतो तो शहराच्या पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या ठरावीक वस्त्यांत. तिथे बहुतेक कृष्णवर्णीय लोक राहतात, कारखाने केव्हाच गेलेत, बँकांनी पिढ्यान्‌पिढ्या कर्जं नाकारली. माझं त्या वाक्यावर मन अडकलं. कर्ज नाकारणाऱ्यांच्या बाजूच्या खुर्चीत मी आयुष्य काढलंय.

सरासरी म्हणजे पातेल्यातलं वरण नव्हे, की कुठेही डाव घातला तरी सारखंच निघेल.

माझी बरीच नोकरी उत्तर नागपुरातल्या एका शाखेत झाली. घर पश्चिमेला, शाखा उत्तरेला. सकाळी रेल्वेचे रूळ ओलांडून कामठी रोडला लागलं की शहराचा वासच बदलायचा. आमच्याकडे सकाळी पारिजात आणि झाडलेल्या अंगणाचा वास, तिकडे उघड्या नालीचा, तर्री-पोह्यांचा, खर्रा घोटणाऱ्या ठेल्यांवरच्या ओल्या सुपारीचा. पन्नीच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, चौकोनी तुकड्यावर सुपारी, तंबाखू, चुना घेऊन तो दोन्ही हातांनी घासायचा चर्र-चर्र आवाज माझ्या कानात अजून आहे. पोरं सकाळी नऊलाच ठेल्यावर उभी असत. त्यांचे बाप माझे खातेदार. कोणी एम्प्रेस मिलमधून सुटलेला, कोणी मॉडेल मिलमधून, कोणी हातमागावर नऊवारी विणणारा कोष्टी, ज्याचा माग केव्हाच भंगारात गेला. जमशेटजी टाटांनी १८७७ साली काढलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद झाली, आता त्या जागेवर मॉल आणि उंच इमारती आहेत. मिल सुरू असताना भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं मी पाहिली. त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला खात्यात पडायचा, पोरीच्या लग्नाचं कर्ज मिळायचं, पोरगं आयटीआयला जायचं. मिल गेली आणि पुढच्या पिढीच्या हाती आली रोजंदारी, कॅटरिंगची कामं, भाड्याचा ऑटो. त्याच गल्ल्यांत सट्ट्याचे आकडे घेणारा होता, आठवड्याला व्याज वसूल करणारा होता, दुसऱ्याच्या प्लॉटवर ताबा मिळवून देणारा होता. त्यांना पोरं लागायची, आणि पोरं ठेल्यावर उभीच होती. बेकारीमुळे खून होतात असं एका वाक्यात बसवणं बरोबर नाही. त्याच गल्लीतली शेकडो पोरं सरळ कष्ट करून जगली, त्यांतली कित्येक दीक्षाभूमीच्या वाचनालयात बसून परीक्षा देऊन अधिकारी झाली, त्यांचे पेढे मी खाल्लेत. पण माझ्या काउंटरवरून जे दिसलं ते एवढं नक्की, की ज्यांच्या हाती काही नव्हतं त्यांना हाती चाकू देणारे फार जवळ होते.

एक बाई आठवते. पन्नाशीची असावी, कदाचित चाळिशीचीच, कष्टानं वाढलेली. उन्हातून आली होती, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. पन्नीत गुंडाळलेले कागद तिने काउंटरवर एकेक करून काढले. मुलाचं पासबुक, महापालिकेचा मृत्यूचा दाखला, एफआयआरची झेरॉक्स, मेयो रुग्णालयातला पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट. पोरगा बावीस-तेवीसचा. लग्नाच्या हंगामात कॅटरिंगला वाढपी म्हणून जायचा. खात्यात हजारभरही नव्हते, पण आमच्याच शाखेतल्या एका शिबिरात त्याच्याकडून पंतप्रधान सुरक्षा विम्याचा फॉर्म भरून घेतला होता. तेव्हा वर्षाला १२ रुपये कापले जायचे आणि अपघाती मृत्यूला २ लाख मिळायचे. वारस म्हणून आईचं नाव. तिला कोणीतरी सांगितलं होतं की बँकेत विचारून पाहा. मी दाव्याचा फॉर्म तिच्यासमोर ठेवला. मृत्यूचं कारण, अपघाताचं स्वरूप, ठिकाण, वेळ, असे रकाने. तिने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, मारून टाकलं त्याले. यायच्या हिशोबात हे अपघातातच धरतेत काय?"

नियम पाठ होता. आत्महत्येला पैसे मिळत नाहीत, खुनाला मिळतात. मी हो म्हटलं. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "दोनदा गेली व्हती मी ठान्यात. त्या पोट्ट्याईनं घरी येऊन सांगतलं व्हतं, याले सोडनार नाही म्हून. मले म्हने, अजून मारलं तं नाही ना, काही झालं तं ये." कॅटरिंगच्या पैशांवरून वाद होता. तीनशे की चारशे रुपयांचा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या होत्या, 'जुन्या वादातून तरुणाचा खून', ते कात्रणही तिने त्या पन्नीत जपून आणलं होतं, कदाचित तेही लागेल म्हणून. मी ते परत दिलं. म्हटलं, हे नाही लागत. तिने सावकाश, अक्षर अक्षर जोडत मराठीत सही केली. मागे रांग वाढली होती, कोणी कुरकुर केली नाही. त्या शाखेत त्या कागदांची ओळख सगळ्यांना होती.

माझ्या घराजवळच्या शाखेत काम करणाऱ्या मैत्रिणीला मी नंतर विचारलं. खुनाचा दावा तिच्या हातून कधीच गेला नव्हता. हार्ट अटॅक, कॅन्सर, वर्धा रोडवरचे अपघात. एकच शहर, एकच महापालिका, दोन शाखांमध्ये अर्ध्या तासाचं अंतर.

त्याच बाजूला कस्तुरबानगर आहे. १३ ऑगस्ट २००४ ला दुपारी तिथल्या दोनेकशे बाया सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात शिरल्या आणि कोर्टाच्या खोलीतच त्यांनी वस्तीतल्या गुंडाला, अक्कू यादवला संपवलं. मिरचीची पूड, दगड, घरातल्या सुऱ्या. जगभर बातमी गेली. नागपूर म्हटलं की आजही परदेशातला एखादा माणूस हेच विचारतो. आमच्या शाखेत त्या आठवड्यात पुरुष खातेदार हळू आवाजात बोलत होते आणि बाया मोठ्यानं. त्या माणसानं दहा वर्षांहून जास्त काळ त्या वस्तीचं काय केलं होतं, हे बाहेरच्यांना त्या दिवसानंतर कळलं. वस्तीला रोज माहीत होतं. बलात्कार, खंडणी, घरात घुसून मारहाण, आणि तक्रारीला गेलेल्या बाईचं नाव संध्याकाळपर्यंत त्याच्या कानावर. तो अनेकदा पकडला गेला, अनेकदा सुटला. त्या दिवशीही तो जामिनावर सुटेल याच धास्तीनं बाया कोर्टात आल्या होत्या. पुढे २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी निर्दोष सुटले. मला त्या बायांचा अभिमान वाटावा की धास्ती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. कोर्टात माणूस ठेचून मारला जाणं ही मला मान्य होणारी गोष्ट नाही. आणि त्या वस्तीत माझी मुलगी वाढत असती तर मी घरी बसले असते, असंही मला शपथेवर सांगता येणार नाही. गुन्ह्यांच्या तक्त्यात मात्र ती दुपार म्हणजे एक खून. त्याआधीच्या दहा वर्षांतले जे बलात्कार कोणी नोंदवलेच नाहीत, ते कुठल्याच तक्त्यात नाहीत. म्हणून कमी आकडा दिसला की मला लगेच हायसं वाटत नाही. ज्या ठाण्यात बाईला आत जायची हिंमत होते, तिथला आकडा वाढतो. जिथे होत नाही, तिथे शांतता दिसते.

तक्त्यात न बसणारी आणखी एक गोष्ट याच शहराची आहे. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला होता, मॉरिस कॉलेजच्या चौकात अडवला होता. संध्याकाळी लाठीमार झाला, पळापळ झाली आणि ११४ माणसं चिरडून मेली. बहुतेक बाया आणि पोरं, आदल्या दिवशी गावाकडून भाकरी बांधून आलेली. आमच्याकडे वर्षभरात खून होतात त्याहून जास्त माणसं एका संध्याकाळी गेली, विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर. खुनाच्या रकान्यात त्यांतलं एकही नाव नाही. तिथे आता स्मारक आहे, बाजूनं उड्डाणपूल जातो, त्याला शहीद गोवारींचं नाव आहे. झिरो माइलकडे जाताना मी मान वळवून बघते. शहर हिंसक आहे का, असं विचारणारा कोणीही या चौकाबद्दल विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

नणंदेच्या फोननंतर काही दिवसांनी आमच्या कॉलनीत एका घरी डोहाळजेवण होतं. तिथे मी हा विषय काढला. एकजण म्हणाल्या, "अहो, ते लोक आपापसातच मारतात. आपल्याला काय होतंय?" सगळ्यांनी माना हलवल्या. बोलणाऱ्या बाई मनानं चांगल्या आहेत, कोणाच्या दुखण्याखुपण्याला धावून जाणाऱ्या. पण तिथे बसून माझ्या डोळ्यांपुढे ती पन्नी आली. ते लोक म्हणजे कोण? आपल्या घरी भांडी घासायला जी येते, तिचा मुलगा. आपल्या गॅरेजमध्ये जो स्कूटीचं पंक्चर काढतो, तो. आपल्याच पोरांच्या लग्नात जो वाढपी होता, तो. त्यांचं रक्त सांडतं तेव्हा शहर सुरक्षित असतं, आणि आपल्या गल्लीत एक सोनसाखळी ओढली गेली की कायदा आणि सुव्यवस्था कोसळते, असं कसं चालेल? मी हे बोलले, जरा मोठ्यानं बोलले. वातावरण थोडं अवघडलं. उत्सवमूर्ती मुलीच्या ओटीत मी नारळ घातला आणि लवकर निघाले. मला त्या बोलण्याचा पश्चात्ताप नाही.

आपलं गाव बदनाम होतंय म्हणून आपण चिडतो तेव्हा आपण 'नागपूर सुरक्षित आहे' म्हणतो, आणि तसं म्हणताना ज्यांच्यासाठी ते सुरक्षित नाही त्यांना शहरातून वगळतो. गुन्हेगारीची राजधानी म्हणणारा बाहेरचा माणूस निदान त्यांचे मृतदेह मोजतो तरी.

नणंदेला मी दुसऱ्याच दिवशी फोन केला होता. सांगितलं, लेकीला खुशाल पाठवा. तिच्या जिवाला खुनाचा धोका जवळजवळ नाही, कारण ती जिथे राहील, जिथे काम करेल, ज्यांच्यात वावरेल, तिथे खून होत नाहीत. तिला धोका आहे रस्त्याचा. आमच्या शहरात रस्त्यावर वर्षाला ३०० च्या आसपास माणसं मरतात, खुनांच्या तिपटीच्या आसपास, आणि वर्धा रोडवर ट्रक कसे सुटतात ते मी रोज बघते. तेव्हा स्कूटी नको, खापरीपर्यंत मेट्रो आहे, पुढे कंपनीची गाडी असेल तर बघा. आणि स्कूटी घेतलीच तर चांगलं हेल्मेट मी घेऊन देते. रात्रपाळी असली तर घरी सोडणाऱ्या गाडीत बाई गार्ड आहे का ते विचारा. छेडाछेडीचं म्हणाल तर ती पुण्यातही होते, कोल्हापुरातही होते, इथेही होते. नणंद ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे आमच्या पोरीला काही होणार नाही, पण कोणाला तरी होतंय." मी म्हटलं, हो, असंच आहे ते. तिने सुस्कारा टाकला आणि म्हणाली, "मग कसलं हो ते सेफ." मला ही नणंद पहिल्यापासूनच आवडते.

भाची जूनमध्ये आली, मनीषनगरात दोघींत फ्लॅट घेतला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिला मी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक बघायला नेलं. काळी आणि पिवळी मारबत नेहरू पुतळ्याजवळ समोरासमोर येतात तेव्हा इतवारीत मुंगीला जागा नसते. गुलाल, घाम, तेलात तळलेल्या भज्यांचा धूर, बडग्यांवर, म्हणजे सोबतच्या पुतळ्यांवर, लावलेले फलक, महागाईवर, भ्रष्टाचारावर, दारूवर, आणि हजारो गळ्यांतून एकच आरोळी, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" बाया लेकरांना पुढे करून मारबतीच्या अंगाला हात लावायला लावत होत्या. गर्दीत एका अनोळखी मुलानं भाचीला पडता पडता सावरलं आणि "ताई, इकडून निघा" म्हणत वाट करून दिली. ठेल्यावर उभा राहणाऱ्या त्या पोरांसारखाच दिसत होता, हातात तांबडा दोरा, गळ्यात गमछा. ती रात्री आईला फोनवर सांगत होती की इथली मुलं किती चांगली आहेत. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. हा मुलगा कुठल्या वस्तीतला असेल, त्याचं कोणाशी कशावरून वाजलं असेल, असले विचार मला सुचू नयेत असं वाटत होतं, आणि सुचत होते.

२०२२ चा फेब्रुवारी महिना नागपुरात एकही खून न होता गेला होता. त्याची बातमी झाली, पोलीस आयुक्तांचं कौतुक झालं. ते योग्यच होतं, कारण अशा महिन्यामागे रात्रीची गस्त असते, तडीपारी असते, मोक्का आणि एमपीडीए या गुंडांविरुद्धच्या कायद्यांखालच्या फायली असतात. मला त्या महिन्याचा खरोखर आनंद झाला होता. त्या अठ्ठावीस दिवसांत कोणतीही आई पन्नी घेऊन बँकेत आली नसणार. पण तडीपार केलेला मुलगा कामठीच्या पलीकडे जातो, मुदत संपली की परततो आणि ठेला, सट्टेवाला, व्याजवाला तिथेच असतात. महिना शून्याचा होऊ शकतो, हे तर त्या फेब्रुवारीनं दाखवलं. तो कोणत्या वस्तीत, कशामुळे शून्याचा झाला, हे कोणी सविस्तर लिहून ठेवलं असतं तर पुढचे महिनेही तसे करण्याचा प्रयत्न झाला असता.

येत्या डिसेंबरात विधानभवनाच्या पायऱ्यांवर पुन्हा फलक लागतील. विरोधक एक आकडा सांगतील, सरकार दुसरा सांगेल, गेल्या वर्षीपेक्षा इतके कमी, तितके जास्त. मला दोघांकडूनही तो आकडा नको आहे. प्रत्येक खुनापुढे ठाण्याचं नाव, वस्तीचं नाव, गेलेल्याचं वय, त्याचं काम, वाद कशाचा आणि किती रुपयांचा, एवढे रकाने असलेला तक्ता सभागृहाच्या पटलावर यावा. ही सगळी माहिती पोलिसांच्या केस डायरीत असते, ती गोळा करायला वेगळा आयोग नको. आणि शेवटी एक रकाना असावा, जो मी पाहिलेल्या कुठल्याच अहवालात नाही. मेलेल्यानं किंवा त्याच्या घरच्यांनी आधी ठाण्यात येऊन काही सांगितलं होतं का, कोणत्या तारखेला, आणि त्यांना काय उत्तर मिळालं.